चार तारांचे काम



गेल्या नाताळच्या पूर्वसंध्येची मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवत होतो, तेव्हा आपल्या गायकवृंदातील एक ज्येष्ठ मावशी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्या आपल्या चर्चमध्ये गात आल्या आहेत. "फादर, आज माझा आवाज मलाच ऐकू आला नाही," एवढेच त्या म्हणाल्या, नाताळच्या शुभेच्छा दिल्या आणि निघून गेल्या. जानेवारीपासून त्या गायकवृंदात यायच्या थांबल्या. मिस्सेला येत, पण मागच्या बाकावर बसत.

त्याच आठवड्यात बेस गिटार वाजवणारा लालबागचा मुलगा भेटायला आला. त्याला वाद्य विकायचे होते. घरचे म्हणत होते, नुसती धडधड ऐकू येते. मित्र म्हणत होते, तुझी गिटार ऐकूच येत नाही, चार तारांत तू वाजवतोस तरी काय? दोन्ही गोष्टी एकाच रात्रीबद्दल बोलल्या जात होत्या, त्यामुळे तो अगदी गोंधळून गेला होता.

या दोघांच्याही दुःखाचे कारण आम्ही स्वतः होतो, हे आधी सांगितले पाहिजे. त्या रात्री वेदीपाशी उभे असताना आम्हाला बेस ऐकू येत नव्हता. म्हणून आम्ही त्या मुलाला हाताने खूण करून आवाज वाढवायला लावला, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा. मुलाने आज्ञा पाळली. हे वाद्य आम्ही स्वतः सात-आठ वर्षे बँडमध्ये वाजवले आहे, तेव्हा चूक अजाणतेपणी झाली असेही म्हणता येत नाही. म्हणून या रविवारी आमच्या अनुभवातून काही गोष्टी लिहून ठेवत आहोत. आपल्या बँडमधील मुलामुलींनी त्या जपून ठेवाव्यात, आणि जे वाजवत नाहीत त्यांनीही वाचाव्यात, कारण तक्रार करायची तर ती नेमकी कशाची करायची हे कळेल.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला असताना आम्ही पाच जणांनी बँड काढला. दोघांना गिटार येत होती, एकाला कीबोर्ड, एकाने ड्रम घेतले. उरलेले वाद्य बेस आणि उरलेला माणूस आम्ही. पुष्कळ बेसवादक याच मार्गाने तयार झालेले आम्ही पाहिले आहेत. पहिले वर्षभर आम्ही बेस हा गिटारसारखा वाजवला. जिथे जागा दिसेल तिथे सूर भरायचे आणि बोटे किती वेगाने पळतात ते दाखवायचे. मग दादरला एका मित्राच्या बहिणीच्या लग्नात वाजवायला गेलो. वऱ्हाडी जेवत होते, नाचायला कोणीही उठत नव्हते. पाहुण्यांमध्ये एक वयस्क गृहस्थ होते. ते मंचाजवळ आले, नम्रपणे आमच्याकडून बेस मागून घेतला आणि त्याच गाण्याला फक्त तीन सूर वाजवू लागले. दुसऱ्या कडव्याला माणसे उठली. ते गृहस्थ तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये आणि चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला डबल बेस वाजवत असत. पुढचे चार शनिवार आम्ही धोबी तलावला त्यांच्या घरी शिकायला गेलो. आज जे काही येते ते त्या चार शनिवारांचे आहे.

धोबी तलाव आणि गिरगावचा सोनापूर परिसर हा वादकांचाच इलाका. गोव्यात धर्मग्रामाच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले मुंबईत आली की आपापल्या गावाच्या कुडीत उतरत. कूड म्हणजे गावकऱ्यांचे वसतिगृह. एक ट्रंक, एक चटई, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. तिथून कोणी ताजमहाल हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये जाई, कोणी चित्रपटांच्या वाद्यवृंदात. परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर सुरू केले, ताडदेवला फिल्म सेंटर होते. काम तिथून मिळे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) याच वाटेने आले. आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील अँथनीचे नाव प्यारेलाल यांच्या या गुरूवरून आले, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. आर. डी. बर्मन यांच्या चमूत बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव मात्र किती जणांनी ऐकले आहे? त्या काळी पडद्यावर वादकांची नावे येत नसत. बेसवादकाचे नाव तर शोधूनच काढावे लागे.

आता वाद्याविषयी. पूर्वी खालचा सूर धरायला माणसाच्या उंचीहून मोठा डबल बेस लागे. तो लोकलमध्ये चढवणे म्हणजे एक दिव्यच. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारा, गळ्यात अडकवता येणारा बेस बाजारात आणला. त्याला पडदे होते, त्यामुळे बोट थोडे मागेपुढे झाले तरी सूर नेमका लागे. म्हणूनच त्यांनी त्याला 'प्रिसिजन' हे नाव दिले. तारा चार : ई, ए, डी, जी. गिटारच्या वरच्या चार जाड तारांचेच हे सूर, पण पूर्ण एक सप्तक खाली. आपल्या तंबोऱ्यालाही चारच तारा असतात आणि शेवटची खर्जाची असते. खर्ज बंद पडला की गाणाऱ्याला काय वाटते ते ज्याने अनुभवले आहे, त्याला बेस म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे एक अडचण कायम येते. पेटीवर बसणारे काका सांगतात, "काळी दोन." गिटारवाला कॅपो लावून मोकळा होतो. बेसवाल्याकडे कॅपो नसतो, आणि पुस्तकातील कॉर्ड पाहून वाजवले तर सगळे बेसूर होते. म्हणून हे पाठ करा : मोकळी ई तार म्हणजे पांढरी तीन, ए म्हणजे पांढरी सहा, डी म्हणजे पांढरी दोन, जी म्हणजे पांढरी पाच. काळी एक हवी असेल तर ए तारेचा चौथा पडदा. काळी दोन ए तारेच्या सहाव्यावर. ती ई तारेच्या खाली जाते, म्हणून तिथे उगाच शोधत बसू नये. काळी तीन ई तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, काळी चार त्याच तारेच्या चौथ्यावर, काळी पाच सहाव्यावर. एकदा सा सापडला की पंचम शोधायला डोके लागत नाही : शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढे. खालचा पंचम हवा असेल तर शेजारच्या जाड तारेवर, त्याच पडद्यावर. वरचा सा मधली एक तार सोडून पुढच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढे. आपल्या मराठी गीतांपैकी निम्म्याहून अधिक गीते प्रत्येक कॉर्डचा सा आणि पंचम एवढ्यावर व्यवस्थित निभावतात. त्या गृहस्थांनी लग्नात वाजवलेले तीन सूर म्हणजे सा, पंचम आणि वरचा सा.

ताल केरवा असेल तर पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर सूर द्या, दादरा असेल तर पहिल्या आणि चौथ्या. बाकीच्या मात्रा मोकळ्या राहू द्या. ड्रमसेट असेल तर पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे कान लावा. तुमचा सूर आणि त्याचा ठोका एकाच क्षणी पडला पाहिजे. दोघांत पाव मात्रेचे अंतर पडले तर ऐकणाऱ्याला चूक सापडत नाही, पण गाणे अडखळते आहे असे मात्र वाटत राहते. तबला किंवा ढोलकी असेल तर गोष्ट निराळी. डग्ग्याचा घुमारा आणि बेस एकाच जागेवर येऊन बसतात. तेव्हा बेसने लांब सूर धरून ठेवावा आणि घुमवायचे काम डग्ग्याला करू द्यावे. लालबाग-परळच्या भजनी मंडळांत पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात ती याच खालच्या आवाजासाठी. ती मंडळी बेस गिटारविना शंभर वर्षे उत्तम गात आली आहेत, हे आमच्या बँडमधील मुलांनी अधूनमधून आठवावे.

डाव्या हाताकडे कोणी लक्ष देत नाही, आणि खरे काम तिथे आहे. उजव्या हाताने सूर सुरू होतो, पण तो कुठे थांबायचा हे डावा हात ठरवतो. बोट तारेवरून पूर्ण न उचलता दाब सैल केला की सूर बंद होतो. धोबी तलावच्या आमच्या गुरूंनी पहिल्या शनिवारी दुसरे काहीच शिकवले नाही. दीड तास एकच सूर सुरू करायचा आणि थांबवायचा. आम्हाला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला. सेमिनरीत ऑगस्टीन शिकलेल्या माणसाला तरी असे वाटायला नको होते. 'दे मुझिका' या ग्रंथाची सहा पुस्तके संत ऑगस्टीन यांनी मुख्यतः मापावर, म्हणजे लांब-आखूड अक्षरांवर आणि त्यांमधील विसाव्यांवरच खर्च केली आहेत. परीक्षेत आम्ही त्यावर बरे गुण मिळवले होते, हाताला मात्र काही कळले नव्हते.

काही किरकोळ गोष्टी. बेसचे वजन साधारण चार किलो असते, म्हणून पट्टा रुंद घ्या. मनगट दुखू लागले तर थांबा, दुखणे दाबून वाजवू नका. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने पुसायला एक मिनिट लागतो. बेसच्या तारा महाग असतात. जुन्या तारा दहा मिनिटे पाण्यात उकळल्या, नीट कोरड्या केल्या, तर काही आठवडे पुन्हा बऱ्या वाजतात. आईच्या चहाच्या पातेल्यात मात्र उकळू नका. नव्या घ्यायच्या तर धोबी तलावला जा. तेथे फुर्टाडो हे नाव १८६५ पासूनचे आहे. पावसाळ्यात मानेचे लाकूड वाकते आणि तारा पडद्यांवर खडखडतात. आतला रॉड फिरवायचा असेल तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि पहिल्यांदा जाणकाराकडूनच. वीज ही खरी धोक्याची गोष्ट आहे. अर्थिंग नसलेल्या बोर्डाला वाद्य जोडून ओठ माइकला लावला तर झटका बसतो, ओल्या मांडवात तर जीवही जाऊ शकतो. तिसरी पिन मोडलेला प्लग कोणी आणला तर त्या दिवशी बेस वाजणार नाही. याला अपवाद नाही.

बेस कुठल्याही स्पीकरला जोडू नका. आम्ही सहायक धर्मगुरू असताना एका चर्चमध्ये हौसेने बेसची वायर थेट प्रवचनाच्या ध्वनियंत्रणेत घातली. भिंतीवरचे ते उभे कॉलम स्पीकर बोलण्यासाठी बनवलेले असतात. दुसऱ्या गीताला दोन स्पीकरचे कागद फाटले आणि पुढचे तीन रविवार तेथील प्रमुख धर्मगुरूंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येत होता. त्यांनी आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच जास्त लागले.

घरी सराव करणाऱ्यांनी हेडफोन वापरावा. चाळीत गिटारचा आवाज दारापाशी अडतो, पण बेस भिंतीतून आणि जमिनीतून जातो. शेजारच्या खोलीत भांडी थरथरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण शेजारी नियम पाहून चिडत नसतात. बँडवाल्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ साली 'जॅझ यात्रा' सुरू झाली, १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाला. आमच्या आधीच्या पिढीतील किती मुलांनी पहिला खरा बेस तिथे ऐकला! शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय, त्यामुळे पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि त्या मैफली तेथून गेल्या. आम्हाला हळहळ वाटते. रुग्णालयात झोपू न शकलेल्या माणसाला ती वाटत नसेल, हेही खरे.

आता नाताळच्या रात्रीकडे येऊ. वेदीपाशी बेस ऐकू येत नव्हता आणि मागच्या बाकांवर छाती धडधडत होती, हे एकाच वेळी कसे? बेसच्या मोकळ्या ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे त्या सुराची एक लाट आठ मीटरांहून लांब, साधारण सत्तावीस फूट. एवढी मोठी लाट भिंतीवर आपटून परत येते आणि पुढून येणाऱ्या लाटेला मिळते. काही ठिकाणी दोघी मिळून दुप्पट होतात, काही ठिकाणी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. वेदीसमोर आम्ही उभे होतो ती जागा पुसल्या गेलेल्यांपैकी होती. भिंतीलगत आणि कोपऱ्यात आवाज साचतो. गायकवृंद नेमका कोपऱ्यात बसतो आणि अँप्लिफायरही आम्ही तिथेच ठेवला होता. शिवाय खालचा मोठा सूर वरच्या सुरांना झाकतो. वरचा सूर खालच्याला तेवढा झाकत नाही. मावशींचा आवाज कमी झालेला नव्हता. तो आम्ही झाकला होता.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही त्या मुलाला बोलावले. वाद्य त्याने अजून विकले नव्हते, गिऱ्हाईक भाव पाडून मागत होते म्हणून. मावशींनाही विनंती केली. त्या आल्या, फार खुशीने नव्हे. मुलगा एकेक मोकळी तार वाजवत राहिला आणि आम्ही दोघे बाकाबाकावर जाऊन बसलो. तिसऱ्या बाकावर सूर स्वच्छ, नवव्यावर जवळजवळ गायब, शेवटच्या बाकावर बाकच हलत होते. मुलाने मग वाद्य आमच्या हाती दिले आणि स्वतः फिरून आला. परत येऊन तो म्हणाला, "फादर, मी जिथे उभा राहतो तिथे यातले काहीच कळत नाही." वाजवणाऱ्याला स्वतःचा बेस नीट ऐकू येत नाही, ही या वाद्याची अडचण आहे, ती कोणाच्या कानाचा दोष नाही. अँप्लिफायर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणला, फरशीवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवला, बेसचे बटण निम्म्याखाली आणले. मग मावशींनी नेहमीच्या जागी उभे राहून एक अर्पणगीत म्हटले. मुलगा सा आणि पंचम धरून होता. गीत पूर्ण झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आता ऐकू येते." कोणाचा आवाज, त्यांचा की त्याचा, हे आम्ही विचारले नाही. जागेवर पिवळी पट्टी चिकटवली आहे. स्टूल तिथून हलवू नये ही विनंती.

यामागे नियमही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेसाठी पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, ती पवित्र कार्याला साजेशी असतील तर, दार उघडले. १९६७ च्या सूचनापत्रात त्याची मर्यादाही घातली : वाद्यांनी गाणाऱ्यांना आधार द्यावा, शब्द कळणार नाहीत इतके झाकू नये, आणि धर्मगुरू मोठ्याने प्रार्थना म्हणत असताना गप्प राहावे. उपवासकाळात वाद्ये केवळ गीताला आधार म्हणून वाजतात; म्हणजे तेव्हा बेसचे एकट्याचे कसब दाखवायचे नाही. या कलमांची आठवण आम्ही इतरांना पुष्कळदा करून दिली आहे. नाताळच्या रात्री ती आम्हाला कोणीतरी करून द्यायला हवी होती.

टीका करणाऱ्यांविषयी त्या मुलाने विचारले होते. सहाव्या शतकात बोएथियस या तत्त्वज्ञाने संगीताशी संबंध असणाऱ्यांचे तीन वर्ग केले : सर्वांत खाली हाताने वाद्य वाजवणारे, त्यांच्या वर रचना करणारे, आणि सर्वांत वर ऐकून निवाडा देणारे. त्या हिशेबाने आपल्या धर्मग्रामात पहिल्या वर्गाचे लोक पुष्कळ आहेत आणि बेस वाजवणारा एकच. निवाडा देणाऱ्यांनी यापुढे आपण कुठल्या बाकावर बसलो होतो तेही सांगावे.

मुलींनी हे वाद्य घ्यावे असे आम्हाला फार वाटते. मुंबईची मोहिनी डे (जन्म १९९६) वडिलांकडून बेस शिकली आणि लहान वयातच ए. आर. रहमान यांच्या मंचावर वाजवू लागली. हात लहान असतील तर तीस इंची बेस मिळतो. नेहमीचा चौतीस इंची असतो.

सराव दर गुरुवारी सायंकाळी साडेसातला, मिस्सेनंतर, नऊपर्यंत. मावशी येतात, तिसऱ्या बाकावर बसतात आणि आवाज वाढला की हात वर करतात. गायकवृंदात उभ्या राहायला अजून तयार नाहीत. आम्हीही आग्रह करत नाही. लालबागचा मुलगा दोन नव्या मुलांना शिकवतो आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली केबल सोबत आणावी. चर्चच्या दोन्ही केबल तुटल्या आहेत.